तार तुटली की इंजिन थांबलं पाहिजे

ये इकडं, तुळशीराम. जवळ बस असा. दारात उभा राहून ऐकू नकोस, इंजिनाच्या आवाजात माझं अर्धं बोलणं तुला कळत नाही आणि मग तू नुसता "हाव, हाव" करत मान हलवतोस. मोठ्या बहिणीशी असं वागतात का रे? भांडण अर्धं टाकून उठून जायचं, ही कुठली रीत? "हंगाम संपला का मंग पाहू अक्का," म्हणालास. हंगाम अजून भर रंगात आहे, सरकीचे ढीग छताला लागलेत, आणि तू ऐन पौषात आठ-दहा दिवसांच्या तापात निघून गेलास. मी आता कोणाशी भांडू? भिंतीशी?

तेराव्याला आठ दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. खोलीत मी आहे आणि खाटेखाली तुझी अवजारांची पेटी आहे. भिंतीपलीकडे जीनचं इंजिन चालू आहे, कापसातली सरकी काढणारे चरक फिरवतंय. तू होतास तेव्हा त्या आवाजाकडे माझं लक्षही नसायचं. आता त्याच्याशिवाय कशाकडे लक्ष जात नाही. भाकरी थापताना हात थांबतो, कान तिकडे जातो. एक ठोका चुकला असं वाटलं की तवा टाकून दाराशी जाते. तू दिवसभर इंजिनापाशी उभा राहायचास आणि घरी येऊन म्हणायचास, "कानात अजून चालूच हाय." तेव्हा मी हसायची. हसायला नको होतं.

पार्वताचा हात गेला तो दिवस तुला आठवतो, मला माहीत आहे. ती चरकाच्या रुळापाशी कापूस घालत होती. कापसाबरोबर बोटं आत गेली. शेजारची गंगू ओरडली, पण एवढ्या चरकांच्या घरघरीत कोणाला काय ऐकू येणार? एक बाई अंगण ओलांडून धावत तुझ्या इंजिनघरात आली, तू तेल बंद केलंस, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळी तू ताटावर बसलास आणि नुसता बसून राहिलास.

"पंचेचाळीस पावलं हायत अक्का," म्हणालास. "मोजली म्या. तेवढ्यात चार बोटं जातात."

त्या एका वाक्यातून ती विजेची तोटी जन्माला आली. लोकांना वाटतं तुला कोणा साहेबानं शिकवलं. कोणी नाही. तुझं म्हणणं एवढंच होतं, की बाईनं जागच्या जागी दोरी ओढावी आणि इकडं इंजिनाच्या पंपाला मिळणारं तेल बंद व्हावं. तेल नाही म्हटल्यावर इंजिन काय खाईल? तारेची गुंडाळी करायची, तिच्यात बॅटरीची वीज सोडली की ती लोखंडाला ओढते, आणि त्या लोखंडाला तोटीचा दांडा जोडायचा. सांगायला सोपं. पण लढाईचे दिवस, मोटारीसुद्धा कोळशाच्या धुरावर चालत होत्या, तांब्याची तार कुठून आणणार? मोताळ्याच्या मोटारअड्ड्यावर एक जळका डायनामो पडला होता, तो तू मागून आणलास, आणि त्याची तार सोडवता सोडवता आपण दोघांनी अख्खी दिवाळी घालवली.

वेढे मीच घातले. तुझ्या बोटांना पान्याची सवय, बारीक तार तुझ्या हातात तुटायची आणि मग तू तिच्यावरच चिडायचास. मी दुपारी पायरीवर बसायची, वेळूच्या नळकांड्यावर एकेक वेढा लावायची. शंभर झाले की वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. एका थरावर कागद, मग दुसरा थर. शेजारणी विचारत, "काय करून राह्यल्या अनसाबाई?" मी म्हणे, "वाती." अक्षरं मी माझ्या लेकीच्या, इंदूच्या पाटीवरून शिकले आणि वीज तुझ्या बडबडीवरून, पण ते कोणाला सांगायची सोय होती का? दसऱ्याला इंजिनाची पूजा होते, सवाष्णी कुंकू लावतात, नारळ फुटतो, आणि तेवढा वेळ आम्ही पांढऱ्या कपाळाच्या बायका खोलीचं दार लोटून आत बसतो. मी बसायची. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला की मग दार उघडायचं. त्या इंजिनाच्या तोंडाशी विधवेच्या हातची गुंडाळी लागली आहे हे कळलं असतं, तर जीनच्या मालकानं, शेठजींनी, ती उपटून उकिरड्यावर फेकली असती. म्हणून तू सांगितलंस, "मुंबईहून मागवली." तुझ्या त्या खोटेपणाचं मला वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं. जाऊ दे.

पहिल्यांदा तोटी तू वरच्या टाकीपाशी बसवलीस. दोरी ओढली, तोटी पडून मिटली, आणि इंजिन आपलं चालूच! मी पायरीवरून मोजत होते, ऐंशी झाले तेव्हा कुठं ते थांबलं.

"मधल्या नळीत तेल साचलेलं असते, बावा," मी म्हणाले. "तेवढं पिऊनच थांबन ते. पंपाच्या अगदी तोंडाशी लाव."

"तू माणूस हायस का इंजिन, अक्का?"

"मी तुही मोठी बहीण हावो. लाव म्हटलं ना."

लावलीस. बारा मोजेपर्यंत इंजिन गप्प. तू मला लहानपणी उचलायचा प्रयत्न करायचास तसा कमरेला धरून उचलू पाहिलंस, मी म्हटलं, "मुडद्या, कोणी पाहीन ना!" त्या दिवशी आपण दोघं किती हसलो रे. किती वर्षांनी.

आणि मग ते भांडण. आपलं खरं भांडण.

तुझी रीत अशी, की एरवी तारेत वीज नाही. दोरी ओढली म्हणजे वीज वाहणार, गुंडाळी दांडा धरणारी कडी ओढणार, आणि दांड्याच्या वजनानं तोटी मिटणार. माझं म्हणणं उलटं. वीज कायम वाहू दे, तिनंच तोटी उघडी धरून ठेवावी. दोरी ओढली की वीज तुटावी आणि तोटी आपोआप पडावी.

"दिवसभर वीज खाईन ते. कॉइल जळून जाईन," तू म्हणायचास.

"उचलायचं काम माणसानं करावं. सकाळी तू हातानं दांडा वर कर, विजेनं फक्त धरायचं. धरायले ताकद थोडी लागते. मध्ये एक बारका दिवा घाल, म्हंजे तापणारच नाही. आणि दिवा जळून राह्यला म्हंजे तार शाबूत हाय, तेबी कळन."

"आन उंदरानं तार कुरतडली त?"

"त इंजिन बंद पडन."

"पाय! भर हंगामात उंदरासाठी इंजिन बंद! शेठजी मले कच्चा खाईन."

"आन तुह्या रीतीत उंदरानं कुरतडली त? बाई दोरी ओढत राहीन आन तिकडं तुह्यं इंजिन ठोके देत राहीन. बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू होते, तुळशीराम. बोटं होतात का?"

 ताट सरकवलंस आणि म्हणालास, हंगाम संपला का मंग पाहू. इंजिनाचा डायवर तू होतास, पगार तुझा, खोली तुझी. मी तुझ्या आसऱ्याला राहिलेली. तू कधी तसं बोलला नाहीस, एकदाही नाही, आणि म्हणूनच मला जास्त बोलता येईना. तुझ्या रीतीनं तोटी लागली. नागपूरहून कारखाने पाहणारा साहेब आला, त्यानं दोरी ओढून पाहिली, तुझ्या पाठीवर थाप मारली. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मला अभिमान वाटत होता आणि दाढा आवळल्या होत्या, दोन्ही एकदम.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगते.

तू तापानं पडलास त्याच्या चौथ्या दिवशी बाजार होता. जीन बंद, बाया बाजाराला गेलेल्या, इंजिनघराची किल्ली तुझ्या सदऱ्यात. तू झोपला होतास. मी किल्ली घेतली. चोरली म्हण. चार घटका तिथं एकटी होते. दोऱ्यांचे खटके उलटे फिरवले, तार एकातून दुसऱ्यात अशी सगळ्यांतून ओवून परत आणली, दिवा घातला, दांडा हातानं वर केला. धरेना. सोडला की पडतो. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. मला वाटलं, माझीच गुंडाळी मेली. घामानं लुगडं अंगाला चिकटलं. मग बॅटरीच्या दिव्यानं तार तपासत तपासत भिंतीनं निघाले, आणि पार चरकांच्या शेवटच्या ओळीमागं, सरकीच्या पोत्यांच्या आड, तार सापडली. दोन ठिकाणी कुरतडलेली. तांब्याची टोकं काळी पडली होती रे. ताजी तुटलेली तार तांबडी चमकते. ही कधीची तुटली होती कोणास ठाऊक. पंधरा दिवस? महिना? तेवढे दिवस शेवटच्या ओळीतल्या बाया डोक्यावर ती दोरी लोंबते आहे म्हणून निर्धास्त होत्या, आणि ती दोरी नुसतीच दोरी होती. त्या ओळीत गंगू बसते.

मी टोकं पिळून जोडली आणि घरी आले. तू जागा होतास. "कुठं गेल्ती?" म्हणालास. मी म्हणाले, "पाण्याले."

दुसऱ्या दिवशी इंजिन दोनदा बंद पडलं. बदली माणसाला काही कळेना. शेठजी स्वतः आपल्या दारात आले, तू खाटेवर, अंगावर घोंगडी. "तुळशीराम, तोटीले कोणी हात लावला?" मी चुलीपाशी.  आणि तू, डोळे मिटलेले, म्हणालास, "मीच बदलली शेठजी."

"तू त खाटेवर होता!"

"पडायच्या आधल्या दिवशी. अशी बरी असते. चुकलं माह्यं, सांगायचं राह्यलं."

ते बोलत राहिले, तू ऐकत राहिलास. ते गेले. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी पाणी घेऊन आले तर हळूच म्हणालास, "नव्या जोडाले कथलाचा झाळ देल्ला काय अक्का?"

नव्हता दिला. नुसता पीळ होता, इंजिनाच्या हादऱ्यानं ढिला होत होता. "देते," मी म्हणाले. दुपारच्या सुटीत जाऊन दिला, इंजिनघरात कोणी नसताना. त्यानंतर तू होतास तोवर एकदाही बंद पडलं नाही. पण त्याच वेळी मी सांगायला हवं होतं, की तार तुटलेली होती. तू रागावला नाहीस, माझी चोरी अंगावर घेतलीस, आणि मला एवढं एक वाक्य बोलता आलं नाही. मला वाटलं, आजारी माणसाला कशाला? बरा होऊ दे. खरं सांगू? मी जिंकले होते, आणि जिंकलेलं तुला दाखवायची लाज वाटली. त्यानंतर पाचव्या दिवशी तू गेलास. तू समजून गेलास की बहिणीनं हट्टानं रीत बदलली. तुझी तोटी मुकी झाली होती हे न कळताच गेलास. ते बरं झालं का वाईट, मी रोज वेगळं ठरवते.

सुतकाचे दिवस मी खोलीबाहेर पाय टाकला नाही. खामगावकडून किसन डायवर आला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पार्वता खिडकीशी आली, शिवायचं नाही म्हणून लांबूनच बोलली.

"अनसामाय, त्या मुडद्यानं तोटीचा दांडा सुतळीनं बांधून टाकला. म्हणते, घडीघडी पडते. आता दोरी ओढा नाहीतर नका ओढू."

मी आत. दहा दिवस आत. इंजिन एकदाही थांबत नव्हतं, आणि त्या न थांबण्यानंच मला घेरलं होतं. एरवी न थांबणारं इंजिन चांगलं म्हणतात ना? मी भिंतीला टेकून बसायची, भिंत हादरायची, पाठ हादरायची, आणि मनात एकच, आत्ता कोणाचा हात असेल रुळापाशी. आल्यागेल्याला सांगितलं. सगळे म्हणाले, दुःखात आहेस, झोप जरा.

चौदाव्या दिवशी दुपारच्या सुटीत गेले. बाया अंगणात भाकरी खात होत्या, शेठजी आणि दिवाणजी ओट्यावर.

"बाईमाणूस इथं नाही येत," किसन म्हणाला.

"ते सुतळी सोड."

"सोडली त बंद पडते. हंगाम हाय."

"पडली त तार कुठं ढिली हाय ते पाय. ते तोटी भांडून नाही राह्यली तुह्याशी, सांगून राह्यली."

शेठजी ओट्यावरून म्हणाले, "अनसाबाई, तुळशीरामची आधीची रीत बरी होती. हंगामभर एकदा बंद नाही पडली. किसन, तेच करून टाक. तुळशीरामचं नावबी राहीन."

बघ आता. तुझं नाव! दिवाणजी मान हलवतात, किसन मान हलवतो, बायासुद्धा "हाव, हाव" म्हणतात, तुझ्याच मायेपोटी. मी गप्प राहिले असते तर तुझं नाव राहत होतं. आणि शेवटच्या ओळीवर ती नुसती दोरी लोंबत राहणार होती. मला कोणीकडून वाट नव्हती, तुळशीराम. दोन्हीकडे तूच उभा होतास.

"बंद पडत नव्हती, कारण ते मेलेली होती," मी म्हणाले. सगळं सांगितलं. तार, पोती, काळी पडलेली टोकं. भर अंगणात, तुझ्याबद्दल, तू नसताना.

गंगूनं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. "म्हंजे आम्ही दोरी ओढली असती त?"

"काहीच नसतं झालं."

"हे तुम्हाले कोणी सांगितलं?" दिवाणजी.

"म्या पाह्यलं. म्या जोडली. रीत म्या बदलली, त्यानं नाही. आन ते कॉइल मुंबईची नाही. हे या हातची हाय."

किसन मागं सरकला, जणू मी निखारा होते. "पांढऱ्या कपाळाच्या हातची! तरीच! तरीच डायवर गेला!"

हे मी ऐकलं. तू ऐकलंस का?  तेवढ्यात पार्वता उठली, तिनं तो पंजा किसनच्या तोंडासमोर धरला. "हे पाय. हे बोटं गेले तवा दसऱ्याचं कुंकू सवाष्णीनंच लावलं होतं. म्या लावलं होतं."

सुटी संपल्याची घंटा झाली. एकही बाई उठली नाही. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, नुसत्या बसून राहिल्या, लुगड्यावरची रुई वेचत. शेठजी ओट्यावरून खाली उतरले. मग किसनला म्हणाले, "सोड बे ते सुतळी."

आणि मला म्हणाले, "मंग आता तुम्हीच संभाळा, अनसाबाई. खोली तुमच्याकडं राहू द्या. पण इंजिन चालू हाय तवर फाटकाबाहेर जायचं नाही. बंद पडलं त तुम्ही जबाबदार. एका घटकेत चालू झालं पायजे. नाहीतर तोटी काढून फेकीन."

मी "हाव" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून अशी आहे. सकाळी घंटेला जाते, दांडा हातानं वर करते, दिवा लागला का पाहते. किसन तोंड फिरवून उभा असतो. मग खोलीत येऊन बसते, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या अंगाला दोर बांधल्यासारखं होतं. बाजार नाही, देऊळ नाही. फाटकावरचा माणूस मला पाहून आता हसतो, "काय मावशी, इंजिन कसं हाय?" आपल्या इंदूचं लोणारहून पत्र आलं. फाल्गुनात तिचे दिवस भरतात, जावई मास्तर, घरात दुसरं बाईमाणूस नाही. "आई, मामा गेला, आता तिथं कोण आहे तुझं? कायमची ये," लिहिते. पत्र उशाखाली आहे. उत्तर लिहिलं नाही. तिला इथं बोलवावं तर हवेत ही रुई, एका दिवसाच्या लेकराच्या नाकात जायची. पार्वताला दिवा पाहायला, तार तपासायला शिकवते आहे, आणि ती शिकेलही. पण शेठजी म्हणतात, एका बाईचं ऐकलं तेवढं पुरे.

मी मागितलं ते मला मिळालं. मिळालेल्याच्या आत मीच बसले आहे. तुला असंच वाटायचं का रे, वीस वर्षं? तू कधी इंदूच्या लग्नाव्यतिरिक्त गाव सोडलं नाहीस. मी तुला आळशी म्हणायची. माफ कर.

परवा एकदा बंद पडलं. मी धावले. तार ढिली नव्हती. गंगूनं दोरी ओढली होती, तिच्या पोरीचा पदर रुळात ओढला गेला होता. पदर फाटला, पोर धडधाकट. किसननं स्वतः दांडा वर केला.

हे तुला सांगायला मी उठलेच होते. दारापर्यंत गेले.

तर असं कर. मला येता येत नाही, हे तुला आता चांगलं माहीत आहे. तू ये. तुला फाटकावर कोणी विचारणार नाही, तुझी झडती होणार नाही. दुपारच्या सुटीत ये, इंजिन थांबलेलं असतं, माझं बोलणं तुला सगळं ऐकू येईल. तुझ्याबद्दल अंगणात जे बोलले ते आधी तुझ्या तोंडावर बोलायचं आहे. राग आला तर ये. न आला तरी ये. फाल्गुनाच्या आधी ये, तुळशीराम, आणि एवढं सांगून जा, मी लोणारला जाऊ का इथंच बसू. लवकर ये.